हरितालिकेचा उपास आणि पोटाचं रेडिएशन: इंदूरमधील एक प्रकरण

पार्श्वभूमी

सुनंदाताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीत राहतात. वय ४७. घरी नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा, सासूबाई आणि वरच्या मजल्यावर दीर-जाऊ. ताई घरूनच डबे करून देत. पहाटे उठून तीस-चाळीस डब्यांचा स्वयंपाक उरकायचा, मग घरचं. अशी बाई आजारी पडली तरी आधी स्वतःलाच सांगत नाही.

पाळी अनियमित झाली होती, मधूनच रक्त जायचं, पांढरं जायचं. वयाप्रमाणे पाळी जायला आली असेल, असं घरातल्या बायकांचंही मत पडलं. सात-आठ महिने तसेच गेले. एके दिवशी चक्कर येऊन पडल्या तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघालं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासल्यावर गर्भाशयाच्या मुखाशी गाठ दिसली. तुकडा तपासला, एमआरआय झाला. निदान: गर्भाशयमुखाचा स्क्वॅमस पेशींचा कर्करोग, टप्पा २ ब. म्हणजे रोग मुखाच्या बाजूच्या ऊतींपर्यंत पोचला होता, ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत नव्हे. या टप्प्यावर शस्त्रक्रियेपेक्षा रेडिएशन आणि सोबत केमो हा मुख्य उपचार असतो. १९९९ पासून जगभर हीच पद्धत मान्य आहे.

आमच्याकडे ठरलेला आराखडा नेहमीचाच होता. बाहेरून रेडिएशन ४५ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), २५ भागांत, सोमवार ते शुक्रवार असे पाच आठवडे. दर सोमवारी सिस्प्लॅटिनची केमो, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम या मात्रेने. शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून द्यायचं रेडिएशन, ७ ग्रेच्या चार बैठका. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं. ही मुदत नुसती कागदोपत्री नाही. उपचार लांबले तर ओटीपोटातला रोग आटोक्यात राहण्याची शक्यता जादा प्रत्येक दिवसामागे सुमारे अर्धा ते एक टक्क्याने घटते, हे जुन्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे. त्यामुळे रुग्णाला होणारा त्रास वेळेवर कळणं हा उपचाराचाच भाग ठरतो. जुलाबांनी गळून गेलेली बाई चार दिवस आली नाही, की ते चार दिवस रोगाच्या खात्यात जमा होतात.

मी रेडिएशनच्या विभागात समुपदेशनाचं काम करते. डॉक्टर औषध ठरवतात, तंत्रज्ञ मशीन चालवतात. रुग्णाला घरी काय सोसावं लागतं ते काढून घेणं आणि टीमपर्यंत पोचवणं हे माझं काम.

पहिले दोन आठवडे

रक्त चढवून हिमोग्लोबिन १० च्या वर आणलं आणि श्रावणात सिकाई सुरू झाली. (इंदूरची मराठी माणसंसुद्धा रेडिएशनला सिकाईच म्हणतात.)

उपचाराआधी जीवनमानाची प्रश्नावली भरून घेतली जाते. आम्ही युरोपातल्या ईओआरटीसी या संस्थेच्या दोन प्रश्नावल्या वापरतो. ३० प्रश्नांची पहिली कोणत्याही कर्करोगासाठी आहे, २४ प्रश्नांची दुसरी खास गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. गेल्या आठवड्यात थकवा आला का, झोप लागली का, जुलाब झाले का, लघवीला जळजळलं का, अंगावरून जातं का, असे प्रश्न. उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडंसं, बरंच, खूप. शेवटी एकंदर तब्येतीला १ ते ७ पैकी एक आकडा द्यायचा.

सुनंदाताईंची पहिली प्रश्नावली ओपीडीच्या बाकावर भरली गेली. हिंदी कागद, शेजारी मुलगा उभा, मागे रांग. जवळजवळ सगळीकडे 'अजिबात नाही'. एकंदर तब्येत: ५. ज्या बाईला महिनोन्महिने रक्तस्राव होत होता, तिच्या कागदावर अंगावरून जाण्याच्या प्रश्नापुढेही 'अजिबात नाही'. मुलासमोर ती दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या आठवड्यात रक्त जाणं थांबलं. रेडिएशन सुरू झाल्यावर हे बहुतेकींना होतं आणि ते चांगलंच लक्षण असतं. ताईंनी मात्र त्याचा अर्थ 'आता बरं वाटतंय' असा घेतला. रक्तस्रावामुळे देवघरापासून लांब राहत होत्या, त्या पुन्हा पूजेला बसू लागल्या. पुढच्या सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "कैसा है? कोई तकलीफ?" उत्तर आलं, "ठीक है सर." फाइलवर नोंद झाली: तक्रार नाही.

अडचण समोर कशी आली

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. आदल्या दिवशी केमो झालेली. त्या दिवशी हरितालिका होती.

पोटाच्या रेडिएशनला येताना मूत्राशय भरलेलं लागतं. लघवी करून यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि सुमारे चाळीस मिनिटं थांबायचं. मूत्राशय भरलं की लहान आतडं वर सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बरंचसं बाहेर पडतं. रिकामं असेल तर तेच आतडं खाली ओटीपोटात उतरतं आणि रोजचा डोस खातं. ताईंना आयएमआरटी (रोगाच्या जागेच्या आकाराप्रमाणे किरण देऊन आजूबाजूचे अवयव वाचवणारी पद्धत) दिलं जात होतं आणि रोज मशीनवरच छोटा सीटी काढून जागा पडताळली जात होती. टाटा मेमोरियलमध्ये शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेणाऱ्या बायकांवर झालेल्या चाचणीत, रोज प्रतिमा पाहून दिलेल्या आयएमआरटीने तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास सुमारे २१ टक्के बायकांना झाला, तर साध्या त्रिमितीय पद्धतीने ४२ टक्के. फायदा मोठा आहे. पण रिकाम्या मूत्राशयाने आलेल्या रुग्णाच्या बाबतीत चांगलं मशीनही फार काही करू शकत नाही.

त्या दिवशी सीटीत मूत्राशय पार चपटं दिसलं. तंत्रज्ञाने त्यांना खाली उतरवलं, पाणी पिऊन यायला सांगितलं. तासाभराने पुन्हा तेच चित्र. "पिया ना पानी?" "हां, पूरा." मग विभागातल्या मावशी हळूच येऊन म्हणाल्या, बाईंनी बाटली खिडकीतल्या कुंडीत ओतली.

मी ताईंना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि मराठीतच विचारलं, "आज उपास आहे का?"

लग्न झाल्यापासून त्यांनी हरितालिका निर्जळी केली होती. आणि या वर्षी तर तो मोडणं शक्यच नव्हतं. कारण उपास कुणासाठी असतो, तर नवऱ्यासाठी, आणि या वर्षी आपल्यामुळेच नवऱ्याच्या मागे इतकं लागलंय, असं त्यांच्या मनात होतं.

मग प्रश्नावलीतला एकेक प्रश्न मी तोंडी विचारला. आता उत्तरं वेगळी आली. गेल्या आठवड्यापासून दिवसाला पाच-सहा जुलाब. लघवीला आग, म्हणून पाणी कमी प्यायचं. सिटी बसमध्ये लघवी लागली तर काय करायचं, म्हणून निघण्याआधी तर अजिबात प्यायचं नाही. पाणी कमी म्हणून आग जास्त, मूत्राशय रिकामं म्हणून आतड्यावर डोस जास्त, म्हणून जुलाब जास्त. सकाळी डब्याचे पोहे करता करता दोन घास तोंडात टाकायचे, वर शेव आणि जिरावण (इंदुरी मसाला) होतंच. डॉक्टरांना का नाही सांगितलं? "सांगितलं की सिकाई बंद करतील ना, ताई."

आणखी एक गोष्ट निघाली. सासूबाईंना 'गर्भाशयाला सूज आहे' एवढंच माहीत होतं. त्यामुळे घरात ताईंच्या वाट्याचं काम तिळभरही कमी झालं नव्हतं. येत्या रविवारी महालक्ष्म्या बसणार होत्या.

त्या दिवसापुरते पर्याय

समोर तीन वाटा होत्या. रिकाम्या मूत्राशयानेच डोस द्यायचा, म्हणजे आधीच चिडलेल्या आतड्यावर आणखी मारा. नळी घालून मूत्राशय बाहेरून भरायचं. वैद्यकीयदृष्ट्या शक्य होतं, पण जळजळ असताना संसर्गाचा धोका, आणि ताई आधीच संकोचाने अर्ध्या झालेल्या. किंवा तो दिवस सोडायचा.

चौथी वाट यजमानांनी काढली. ते बाहेर बसले होते. सगळं ऐकून त्यांनी त्यांच्या घरच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी एका क्षणात श्लोकच म्हणून दाखवला, 'अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः'. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हवी (यज्ञात अर्पायचं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध, या आठांनी व्रत मोडत नाही. फोन स्पीकरवर होता. गुरुजी ताईंना म्हणाले, "सुनबाई, हे पाणी तुमचं औषधच आहे. प्या."

त्यांनी पाणी प्यायलं. शरीर कोरडं पडलेलं असल्यामुळे मूत्राशय भरायला नेहमीपेक्षा कितीतरी वेळ लागला. तंत्रज्ञांनी त्यांना संध्याकाळच्या शेवटच्या वेळेत घेतलं. दिवस वाया गेला नाही.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. आम्ही 'उपास करू नका' असं सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि पुढच्या उपासाला दुसरी कुंडी शोधली असती. ज्याचा शब्द त्यांना चालतो त्याच्याकडूनच परवानगी यायला हवी होती.

तीन दिवसांनी: मोठा निर्णय

शुक्रवारी ताई आल्याच नाहीत. फोन केल्यावर म्हणाल्या, घरी पाहुणे आहेत. यजमानांना फोन केला तेव्हा कळलं की रात्रीपासून आठ-नऊ वेळा जाऊन आल्या आहेत. दुपारी त्यांना आणलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढतं ते) ०.७ वरून १.५ वर गेलेलं, पोटॅशियम घसरून ३.१. जुलाब आणि सिस्प्लॅटिन दोन्ही मिळून मूत्रपिंडावर आले होते. एकंदर तब्येतीचा आकडा त्यांनी स्वतःच २ सांगितला.

टीमपुढे प्रश्न होता, आता काय थांबवायचं.

एक मत होतं, सगळंच आठवडाभर थांबवावं, ताकद आली की पुढे जावं. रुग्णाला आणि घरच्यांना हाच पर्याय सर्वांत दयाळू वाटतो. पण या रोगात रेडिएशनमधला खंड सर्वांत महाग पडतो. दुसरं मत, गोळ्या आणि ओआरएस देऊन घरी पाठवावं. क्रिएटिनिनचा आकडा पाहता ते धोक्याचं होतं, आणि घरी गेल्या की त्या स्वयंपाकघरातच जाणार हे मला दिसत होतं. तिसरं मत ठरलं: दाखल करायचं, सलाइन आणि पोटॅशियम द्यायचं, सोमवारची केमो सोडायची, रेडिएशन मात्र चालू ठेवायचं.

केमो सोडायला ताई घाबरल्या. पाचातली एक गेली तर आजार उरेल का? डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की या उपचारात मुख्य काम रेडिएशनचं आहे, केमो त्याला जोर देते. बिघडलेल्या मूत्रपिंडावर सिस्प्लॅटिन दिलं तर पुढची सगळीच केमो हातची जाऊ शकते. हे सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत, पण ते खुर्ची ओढून समोर बसून सांगितलं गेलं, म्हणून ते पोचलं.

त्या दाखल झाल्यावर जुलाब थांबवणारं लोपेरामाइड सुरू झालं. संसर्ग नाही ना हे आधी तपासलं. लघवीच्या तपासणीत संसर्ग निघाला, त्याचं औषध दिलं. बुडालेला शुक्रवारचा भाग शनिवारी भरून काढला. रविवारी सकाळी क्रिएटिनिन १.१ वर आलं, जुलाब तीनवर.

महालक्ष्म्यांचं काय? हाही निर्णयच होता, आणि वैद्यकीय निर्णयाइतकाच त्याच्यावर उपचार अवलंबून होता. ताईंशी बोलून ठरलं की सासूबाईंना खरं सांगायचं, आणि ते ताईंनीच सांगायचं, मी शेजारी बसायचं. सासूबाईंनी आधी विचारलं ते हेच, की हिच्या ताटातलं खाल्लं तर होतं का, सिकाईनंतर नातवाने जवळ बसावं का. अशा प्रश्नाचा राग येऊ देऊ नये. शंका खरी असते आणि तिचं उत्तर सोपं असतं. हा रोग ताटातून पसरत नाही. बाहेरून दिलेलं रेडिएशन मशीन बंद होताच संपतं, अंगात काही उरत नाही. उत्तर मिळाल्यावर सासूबाईंनी दुसरा प्रश्न विचारला: "मग हिला खायला काय द्यायचं?"

त्यानंतर घराची घडीच बदलली. पुरणावरणाचा स्वयंपाक जावेने केला. ताईंनी सोमवारी सकाळी फक्त पूजेला हात लावला, संध्याकाळच्या वेळेत सिकाईला आल्या. खाण्यात मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा, केळं, थोडं पातळ ताक. दूध, पालेभाज्या, साली, शेव आणि जिरावण काही आठवडे बंद. दिवसभर पाणी थोडं थोडं, येण्याआधी ठरलेलं अर्धा लिटर. बसऐवजी यजमान स्कूटरवर आणू लागले. डबे महिनाभर बंद ठेवले. गिऱ्हाईकं तुटतील ही भीती होती, दोन तुटलीही.

पाचव्या आठवड्यात क्रिएटिनिन ०.९ झालं आणि राहिलेली केमो दिली. पाचपैकी चार झाल्या.

ब्रॅकीथेरपीचा पेच

मला वाटत होतं की अवघड भाग संपला. ताईंसाठी खरा अवघड भाग अजून यायचा होता.

ब्रॅकीथेरपीत योनीमार्गातून गर्भाशयात एक नळी आणि मुखाच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी उपकरणं बसवतात. ती हलू नयेत आणि मूत्राशय व गुदाशय दूर राहावेत म्हणून कापसाच्या पट्टीने घट्ट पॅकिंग करतात. लघवीची नळी असते. मग सीटी, आखणी, आणि शेवटी काही मिनिटांचं रेडिएशन. रेडिएशन थोडाच वेळ, पण त्या अवस्थेत उताणं पडून राहायचं काही तास. पहिली बैठक हलक्या गुंगीच्या औषधावर झाली. बाहेर आल्यावर ताई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी यजमानांनी सांगितलं, "ती म्हणते, पुढचं नको. जे झालं तेवढं पुरे."

हा नकार गंभीर होता. ब्रॅकीथेरपी पूर्ण झाली नाही तर आधीच्या पाच आठवड्यांचं बरंचसं काम अर्ध्यात राहतं, कारण गाठीला लागणारा मोठा डोस आतूनच पोचतो. बाहेरून तेवढा देऊ गेलं तर आतडं आणि मूत्राशय सोसत नाहीत.

समजावण्याआधी मी फक्त विचारलं, सगळ्यात वाईट काय वाटलं. दुखणं होतंच, विशेषतः पॅकिंग काढताना. पण त्याहून जास्त म्हणजे, पाय वर बांधलेले असताना खोलीचं दार दोनदा उघडलं आणि माणसं येऊन-जाऊन राहिली. हे त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं.

पुढच्या तीन बैठका पाठीच्या कण्यातून भूल देऊन झाल्या. दारावर पाटी, आत पडदा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक परिचारिका त्यांच्या डोक्याशी. पॅकिंग काढायच्या अर्धा तास आधी वेदनाशामक. प्रत्येक पायरीला 'आता हे करतोय' असं सांगितलं गेलं. तिन्ही झाल्या. पहिल्या दिवसापासून शेवटच्या बैठकीपर्यंत एकूण ५२ दिवस लागले.

परिणाम

जुलाब पाच आठवड्यांत थांबले. थकवा फार रेंगाळला. तीन महिन्यांनंतरही दुपारी आडवं व्हावंच लागायचं. तीन महिन्यांनी एमआरआय आणि तपासणीत गाठ दिसली नाही. एकंदर तब्येतीचा आकडा तेव्हा ४, वर्षाने ६.

पाळी कायमची गेली. गरम वाफा, झोप तुटणं, कोरडेपणा. रेडिएशननंतर योनीमार्ग आकसतो आणि चिकटतो, म्हणून साधारण महिन्याभरानंतर डायलेटर (योनीमार्ग मोकळा ठेवणारं गुळगुळीत नळीसारखं साधन) वापरायला सुरुवात करतात, आठवड्यातून दोन-तीनदा, जेली लावून. पुढे डॉक्टरांना तपासणी नीट करता यावी यासाठीही तो लागतो. ताईंना हे कारण पटलं. वैवाहिक संबंधांसाठी असं सांगितलं असतं तर त्यांनी तो कपाटात ठेवून दिला असता. यजमानांशी मी वेगळं बोलले. जवळ गेलं तर तिला इजा होईल किंवा रोग आपल्याला लागेल, असं त्यांना वाटत होतं, आणि म्हणून ते बाहेरच्या खोलीत झोपत होते. ताईंना वाटत होतं, आपली शिसारी आली. दोघांनी वर्षभरात त्यावर एक शब्द काढला नव्हता.

अकराव्या महिन्यात शौचातून रक्त गेलं. दुर्बिणीने पाहिलं तर गुदाशयाला रेडिएशनमुळे आलेली सौम्य सूज. औषधांनी आटोक्यात आहे. डबे पुन्हा सुरू झालेत, पण वीसच.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली प्रश्नावली बंद खोलीत, रुग्णाच्या भाषेत, नातेवाइकांना बाहेर बसवून भरली असती आणि पुढेही तसंच विचारत गेलो असतो, तर जुलाबाची बातमी आठ दिवस आधी मिळाली असती. 'काही त्रास?' हा प्रश्न पुरेसा नाही. 'काल किती वेळा जाऊन आलात?' याला 'ठीक आहे' असं उत्तर देताच येत नाही.

पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं होतं की त्रास सांगितल्याने रेडिएशन बंद होत नाही, लपवल्याने मात्र होऊ शकतं. आणि पाणी का प्यायचं ते चित्र काढून दाखवायला हवं होतं. 'पाणी पिऊन या' हा हुकूम असला की माणूस त्यातून पळवाट शोधतो. मूत्राशय फुगल्यावर आतडं वर जातं हे स्वतःच्याच सीटीवर दिसलं, तर ती स्वतःहून घोट घोट पिते. आता आम्ही ते दाखवतो.

पाच आठवड्यांत येणारे सणवार कॅलेंडर समोर ठेवून आधीच विचारून घ्यायचे. हरितालिका, नवरात्र, करवा चौथ, रोजे, पर्युषण, इंदुरात हे सगळं आहे.

ब्रॅकीथेरपीला पहिल्या बैठकीपासूनच नीट भूल द्यायला हवी होती, यावर टीममध्ये दुमत झालं. भूलतज्ज्ञ रोज मिळत नाहीत, रांग मोठी आहे, वाट पाहण्यात दिवस जातात, हे खरं आहे. तरी माझं मत ठाम आहे की पहिल्या बैठकीत सोसलेल्या वेदनेमुळे दुसरी नाकारली जाते, आणि मग भूलतज्ज्ञाची वाट पाहण्यापेक्षा जास्त दिवस जातात. दारावर पाटी लावायला तर भूलतज्ज्ञही लागत नाही.

नवऱ्याशी बोलणं उपचार संपल्यावर नव्हे, दुसऱ्या आठवड्यातच व्हायला हवं. आता ते दोघांना एकत्र बसवून करायचं ठरलं आहे, आणि जिथे सासू-सुना एका घरात आहेत तिथे, रुग्णाची परवानगी असेल तर, सासूबाईंनाही एकदा बोलावतो.